विमानं दोन, हँगर एकही नाही

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहोत.

"वय ४६. अंबरनाथला स्वतःचा लहान कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना काढला. आजवरचं उड्डाण जेमतेम १३० तास, सगळं सेसना १७२ वर. आता स्वतःचं सेकंडहँड विमान घ्यायचं मनात आहे. आई कुडाळजवळ गावी असते. गणपतीला, शिमग्याला आणि अधूनमधून शनिवार-रविवारी बायको-मुलाला घेऊन तिथे जावं, येताना आईलाही आणावं, तिला एकदा शिर्डीला न्यावं, असा बेत. समोर दोन विमानं आहेत. पहिलं २००७ चं सेसना १७२एस, भारतात नोंदलेलं, सध्या खानदेशातल्या एका धावपट्टीवर. एकूण ३,९०० तास. इंजिनचं ओव्हरहॉल ११ वर्षांपूर्वी झालं, त्यानंतर फक्त ४१० तास. मालक हल्ली फारसं उडवत नाहीत, पण दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करतात. दुसरं २००६ चं सिरस एसआर२२, अमेरिकेत आहे, १,५०० तास झालेलं. दलाल म्हणतो सगळं करून देतो. ते दीडपट वेगवान आहे आणि त्याला अख्ख्या विमानाचं पॅराशूट आहे. बायको म्हणते, पॅराशूटवालं घेणार असाल तरच मी बसेन. एक मित्र निम्मी भागीदारी घ्यायला तयार आहे. कोणतं घेऊ?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन्ही विमानांचे तास आहेत, वेग आहे, दलालाची आश्वासनं आहेत. विमान रात्री कुठे उभं राहणार, हे मात्र कुठेच नाही. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण तुम्हा दोघांच्या पॅराशूटच्या वादाला लावली तर राग मानू नका. पण सेसना की सिरस याचं निम्म्याहून जास्त उत्तर त्या जागेत आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

तुम्ही बहुधा जुहू गृहीत धरलंय. मुंबईकराने धरावं असंच ते ठिकाण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथेच. पण आजचं जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचं आहे, समुद्रातल्या तेलविहिरींकडची त्यांची ये-जा चालू असते. शिवाय सांताक्रूझचा मोठा विमानतळ इतका लागून की १९५३ साली बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं होतं. अशा शेजारात छोट्या विमानाला मोठ्यांच्या रांगेत फट मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि ती फट आपल्या सोयीने पडत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, मूळचा जुहूचाच, पण त्यांचंही प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. काय समजायचं ते समजा. कायमच्या पार्किंगचं पत्र हातात पडत नाही तोवर जुहू हिशेबात धरू नका.

बरं, जुहू मिळालं असं समजू. जुहू ते चिपी (तुमच्या कुडाळजवळचा विमानतळ) सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सेसना ताशी २२० किलोमीटरने गेलं तर एक तास पस्तीस मिनिटं, सिरस ३२० ने गेलं तर एक तास पाच मिनिटं. म्हणजे 'दीडपट वेगवान' विमानाने तुमचा वाचणारा वेळ अर्धा तास. तेवढा वेळ तर उड्डाणापूर्वीच जातो: फ्लाइट प्लॅन, एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राची नोंद आणि हवाई संरक्षणाची परवानगी), इंधन, विमानाभोवतीची फेरी. आणि जुहू नाही मिळालं तर? सेसना आहे तिथेच, खानदेशात राहील. मुलुंडहून गाडीने सहा तास धरा, तिथून चिपी साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे आणखी अडीच तास. रात्री कोकणकन्येत बसलात तर सकाळी आईच्या हातचा चहा घेता येतो. सिरसने त्या अडीच तासांतली पाऊणएक तासाची बचत होईल, गाडीचे सहा तास तसेच राहतील. तेव्हा वेगाचा मुद्दा बाजूला ठेवू. लांबच्या प्रवासात, म्हणजे मुंबईहून जयपूर किंवा कोईमतूर असं सारखं जाणाऱ्याला तो मुद्दा मोठा आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

आता गणपती. हे सांगताना मलाच वाईट वाटतंय, पण सांगायला हवं. भाद्रपदातली चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस नाहीतर सप्टेंबरात येते. तेव्हा कोकणात पावसाळा संपलेला नसतो. तुमचा परवाना नजरेने बघून उडण्याचा आहे: दिवसाउजेडी, ढगांच्या बाहेर, पाच किलोमीटरची दृश्यता असताना. एका हाताला सह्याद्री ढगात बुडालेला, दुसऱ्या हाताला समुद्र, मधल्या पट्टीत खाड्या आणि डोंगरांची बोटं, आणि वरचं छत कधी खाली येईल याचा नेम नाही. सिरसच्या पडद्यावर डोंगर रंगीत दिसतात म्हणून त्या हवेत आत शिरणं शहाणपणाचं ठरत नाही. उलट असे पडदे असले की शिरायचा मोह वाढतो. गणपतीला रेल्वेचं तिकीट काढून ठेवा, विमान असलं तरी. शिमग्याला मात्र खुशाल जा. डिसेंबर ते मार्च हा किनाऱ्यावर उडण्याचा खरा मोसम, सकाळी लवकर निघालात तर मुरूडपासून विजयदुर्गापर्यंत एकेक किल्ला ओळखता येतो. म्हणजे तुमचं उड्डाणाचं वर्ष आठ महिन्यांचं आहे आणि चार महिने विमान उभं राहणार आहे. हे उभं राहणंच इंजिनाला सगळ्यात महाग पडतं.

इथे तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य येतं: 'दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करतात.' मालक ते कौतुकाने सांगत असतील, आणि त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण जमिनीवर दहा मिनिटं चालवलेलं इंजिन न चालवलेल्या इंजिनापेक्षा बरं असतं, हा आपल्याकडे पक्का रुजलेला गैरसमज आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरते. तेल नीट तापलं तर ही वाफ उडून जाते. लायकमिंग कंपनी त्यासाठी तेल साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसवर ठेवून तासभर हवेत उडवायला सांगते. जमिनीवर तेल तेवढं तापत नाही, पाणी आतच राहतं, त्याचं आम्ल होतं. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे, त्यामुळे विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं आणि तो उघडा पडतो. आधी गंजाचा एक ठिपका. मग त्या ठिपक्यावर टॅपेट (कॅमचा रेटा झडपेकडे नेणारा भाग) घासतो. मग टॅपेटच्या तोंडाचे पापुद्रे सुटायला लागतात. बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन छान सुरू होतं, आवाजही गोड येतो, कॉम्प्रेशन उत्तम दाखवतं, कारण कॉम्प्रेशनच्या चाचणीचा कॅमशी काही संबंधच नाही.

मग कळतं कसं? तेलाचा फिल्टर कापून. तुमच्यासमोर कापायला सांगा. आतला घडीचा कागद सोडवून, पिळून, पांढऱ्या कापडावर उन्हात पसरायचा आणि त्यावरून चुंबक फिरवायचं. काळे कण काजळीचे, ते चालतात. चुंबकाला चिकटणारी चकचकीत कुसळं दिसली तर ते पोलाद आहे, आणि बऱ्याचदा ते कॅम किंवा टॅपेटचं निघतं. फिल्टर नुकताच बदललेला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, मग सिलिंडर काढून कॅम डोळ्याने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याचा खर्च तुम्ही करा, मालकाला बोलायला जागा राहत नाही.

आणि 'फक्त ४१० तास' याचा आनंद जरा आवरा. अकरा वर्षांत ४१० म्हणजे वर्षाला चाळीससुद्धा नाहीत. या इंजिनाला लायकमिंगची मर्यादा २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. तासांनी तुमच्याकडे भरपूर शिल्लक दिसतंय, वर्षांनी एकच उरलंय. ही नुसती शिफारस आहे म्हणून आपल्याकडे ती सहज बाजूला सारता येईल असं धरून चालू नका. भाव ठरवताना इंजिन संपलेलं आहे असंच धरून बोला. एक गोष्ट त्या सेसनाच्या बाजूनेही सांगते: ते खानदेशच्या कोरड्या हवेत राहिलंय. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यासाठी हे फार मोलाचं. तेच विमान जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवलंत तर आधी कंट्रोलच्या केबली, बिजागऱ्या आणि रिव्हेटच्या डोक्यांभोवतीचा रंग बोलायला लागेल. मुंबईत ठेवायचं तर छप्पर हवंच आणि आतून गंजरोधक फवारणीही.

सेसना पाहायला जाल तेव्हा अजून एक करा. वैमानिकाच्या सीटवर बसा, सीट जागेवर अडकवा आणि पायांनी जोर लावून मागे रेटा. या सीटा रुळांवर सरकतात, खिट्टी रुळाच्या भोकात बसते. भोकं झिजून लंबगोल झाली की उड्डाणाच्या क्षणी सीट मागे जाते, माणूस आधारासाठी हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो आणि विमान नाक वर करून हवेतली उचल गमावतं. अशा अपघातांमुळेच अमेरिकेच्या एफएएने सेसनाच्या सीटरुळांची तपासणी सक्तीची केली, तो २०११ चा आदेश आहे. लॉगबुकात त्याची नोंद शोधा. नोंद सापडली तरी सीट रेटून बघा.

वजनाचा हिशेब तुम्ही केलेला दिसत नाही, आणि कागदावर सिरस खरं जिंकतं ते इथे. १७२एस चं कमाल वजन १,१५७ किलो, रिकामं विमान साधारण ७७० किलो. उरले ३९० च्या आतबाहेर. टाक्या भरल्या तर २०० लिटर, म्हणजे १४४ किलो इंधन. माणसं आणि सामान मिळून २४५ किलो. चिपीला ॲव्हगॅस (या विमानांचं पेट्रोल) मिळेल असं धरता येत नाही, तेव्हा परतीचं आणि राखीव इंधन इथूनच न्यायला हवं. १६० लिटर नेलंत तरी माणसांना २७५ किलोच उरतात. तुम्ही, बायको, कॉलेजात जाणारा मुलगा, आणि येताना आई, शिवाय आंबे-काजूंची पोती (ती नको म्हटलं तरी गाडीत चढवली जातातच). बसत नाही. सेसना १७२ ला चार सीटा आहेत, पण चार मोठी माणसं आणि पूर्ण इंधन एकत्र नेणारं ते विमान नव्हे. एसआर२२ चं कमाल वजन १,५४२ किलो आहे. तेवढ्याच ये-जा करण्यापुरतं इंधन घेतलं तर चौघं आणि सामान दोन्ही बसतात. अर्थात हे ढोबळ आकडे झाले. प्रत्येक विमानाचा वजनाचा ताजा अहवाल वेगळा असतो, तो मागून घ्या आणि घरातल्यांना खरोखर वजनकाट्यावर उभं करा. लाजेखातर चार किलो कमी सांगणारे घरोघरी असतात.

शिर्डीचं सांगते. तिथली धावपट्टी दीड-पावणेदोन हजार नव्हे, चांगली अडीच हजार मीटरची आहे, उतरण्याची काळजी नाही. पण जागा समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४० वर असताना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. कळसूबाईचा माथा नेमका तेवढाच. म्हणजे तुमचं १८० अश्वशक्तीचं इंजिन कळसूबाईच्या शिखरावरून उड्डाण करतंय, आणि तिथून चढून सह्याद्री ओलांडायचाय. चढायचा वेग बराच खाली येईल, दुपारच्या हवेत हेलकावे बसतील ते वेगळेच. आईला शिर्डीला न्यायचं तर जानेवारीत न्या, पहाटे निघून दहाच्या आत परत फिरा, आणि मुलाला त्या दिवशी घरी ठेवा.

आता पॅराशूट. तुमच्या पत्नीचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सिरसच्या त्या पॅराशूटने माणसं खरोखर वाचली आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर, जिथे इंजिन बंद पडलं तर उतरायला सपाट जागा शोधून सापडत नाही, तिथे तर त्याचं मोल आणखी वाढतं. पण त्याचे दोन कोपरे त्यांच्याशी बसून बोला. पहिला असा की ते उघडायला उंची लागते. गिरकीत सापडलेल्या एसआर२२ ने चाचणीत ते पूर्ण उघडेपर्यंत ९२० फूट गमावले होते. उतरायच्या तयारीत, जमिनीजवळच्या शेवटच्या वळणात हात गडबडला तर त्याचा उपयोग नाही. आणि एसआर२२ हे ३१० अश्वशक्तीचं विमान, १७२ पेक्षा पंधरा-वीस नॉट जास्त वेगाने उतरतं, १३० तासांच्या वैमानिकाकडून ते चूक पटकन वसूल करतं. सिरसच्या सुरुवातीच्या वर्षांत, पॅराशूट असूनही, जीवघेण्या अपघातांचं प्रमाण इतर छोट्या विमानांपेक्षा फारसं बरं नव्हतं. ते सुधारलं ते प्रशिक्षण बदललं आणि वैमानिक हँडल वेळेवर ओढायला शिकले तेव्हा. दुसरा कोपरा खर्चाचा: पॅराशूट आणि त्याचं रॉकेट दर दहा वर्षांनी बदलावं लागतं. २००६ चं विमान म्हणजे २०१६ ला एकदा झालं असणार आणि २०२६ ला पुन्हा. रॉकेट घन इंधनाचं, धोकादायक मालात मोडणारं. ते मुंबईत आणणं, बसवणाऱ्या माणसाकडे त्याची मान्यता असणं, हे सगळं दलालाच्या 'सगळं करून देतो' मध्ये येतं का, ते त्याच्याकडून लेखी घ्या.

त्यांना खरी भीती कशाची आहे, हेही विचारा. बऱ्याच घरांत ती विमान पडण्याची नसते, 'हवेत याला काही झालं तर मी काय करू' अशी असते. ती असेल तर औषध वेगळं आहे आणि दोन्ही विमानांना लागू पडतं. एखाद्या प्रशिक्षकाबरोबर त्यांना चार-सहा तास उजव्या सीटवर बसवा. रेडिओवर काय बोलायचं, विमान सरळ कसं धरायचं, मोकळ्या धावपट्टीवर कसं आणायचं, आणि पॅराशूट असेल तर ते कधी ओढायचं. माझ्या पाहण्यात अशा उजव्या सीटवरून बायका पुढे स्वतः परवान्यापर्यंत पोचल्यात. तुमच्याकडे तसं झालं तर विमानाची निवड त्याच करतील, तुम्ही सुटलात.

सिरस अमेरिकेतून आणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या वेळी नको. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) आयात विमानाच्या वयाबद्दल नियम आहेत आणि तुमचं विमान वीस वर्षांच्या घरात आहे. परवानगी मिळेल का याचं उत्तर ॲडव्हान्स देण्याआधी डीजीसीएकडून घ्यायचं असतं, दलालाकडून घ्यायचं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी झालाय, आधी तो २८ टक्के आणि वर सेस असा होता. त्यावर सीमाशुल्क, इकडे आणण्याचा खर्च, नोंदणी, तुमच्या परवान्यावर नवं विमान चढवून घेण्याचं प्रशिक्षण. दलालाचा भाव आणि तुमच्या दारात उभ्या असलेल्या विमानाची किंमत यांत मोठी दरी पडेल. त्यात १,५०० तास झालेलं काँटिनेंटल इंजिन म्हणजे मोठा खर्च उंबरठ्यावर आलेला. एसआर२२ च हवं असेल तर आधीच व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणी असलेलं, इथेच दुरुस्त होत आलेलं शोधा. थोडं थांबावं लागेल, पण त्याचे कागद आणि त्याला हात लावणारा इंजिनिअर दोन्ही इथे असतात.

'हात लावणारा इंजिनिअर' हे मी मुद्दाम म्हटलं. दर वर्षी एआरसीचं (विमान उडण्यालायक असल्याच्या प्रमाणपत्राचं) नूतनीकरण आहे, त्यासाठी कॅमो (देखभालीवर लक्ष ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था) लागते, त्या प्रकारच्या विमानाचा परवाना असलेला एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लागतो. सेसना १७२ चा एएमई फ्लाइंग क्लबच्या आसपास मिळतो, सुटे भागही कुणाकडे ना कुणाकडे असतात. सिरसचा माणूस दुसऱ्या शहरातून बोलवावा लागला तर एका टायरसाठी विमान महिनाभर जमिनीवर बसू शकतं. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड असं आपण म्हणतो, इथे माहूत मिळणं त्याहून अवघड आहे.

इंधनाचंही घोडं इथेच पेंड खातं. दोन्ही विमानांना ॲव्हगॅस १००एलएल लागतं. एअरलाइनची विमानं ज्यावर उडतात ते एटीएफ मोठ्या विमानतळांवर मिळतं, ॲव्हगॅस बॅरलमधून मागवावं लागतं. पूर्वी ते परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत करू लागलंय, हे आपल्या भागासाठी चांगलंच झालं. पण बॅरल ठेवायला जागा, परवानग्या, आणि पावसाळ्यात त्यात उतरणारं पाणी हे तुमच्या गळ्यात राहतंच. तुमच्या १७२एस ला इंधनातलं पाणी तपासायला तेरा ठिकाणी निचऱ्याच्या तोट्या आहेत. तेराही, प्रत्येक वेळी. आणि पेल्यात येणारं इंधन निळसर असलं पाहिजे. पिवळट किंवा बिनरंगी दिसलं तर कुणीतरी चुकून एटीएफ घातलंय, ते विमान हलवू नका.

म्हणून तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सुचवते: डिझेल इंजिनाचं डायमंड डीए४० एनजी. ते एटीएफवरच उडतं, ताशी वीस-पंचवीस लिटर पितं, सांगाडा काँपोझिटचा असल्याने ॲल्युमिनियमसारखा गंजत नाही. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमीत डीए४० विमानं आहेत, त्यामुळे देशात ती माहीत असलेली माणसं आहेत. वजनाच्या बाबतीत मात्र ते सेसनाच्याच पंगतीत बसतं, चौघांची अडचण सुटणार नाही. सेकंडहँड पाहाल तेव्हा जुनी थीलर्ट इंजिनांची डीए४० आणि ही ऑस्ट्रो इंजिनाची एनजी यांत गल्लत करू नका. थीलर्ट कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली होती.

मित्राच्या भागीदारीबद्दल थोडक्यात. हँगर, विमा, कॅमो, वार्षिक तपासणी हा खर्च तुम्ही तीस तास उडा की दीडशे, तेवढाच येतो. तो वाटून घेणारा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं, आणि दोघे उडवत असाल तर इंजिनही कमी उभं राहतं. मात्र तो स्वतः उडवणारा हवा. नुसता पैसे घालणारा मित्र दुसऱ्या वर्षी 'आपलं विमान भाड्याने का देत नाही' असं विचारतो, आणि खासगी नोंदणीच्या विमानाने भाडं घेता येत नाही. इंजिन बदलायची वेळ आली तर कोण किती देणार, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरणार, दिवाळीच्या सुट्टीत विमान कुणाचं, हे आत्ताच कागदावर आणा.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर क्रम असा लावला असता. एक संपूर्ण मोसम, ऑक्टोबर ते मे, काहीच विकत घेतलं नसतं. क्लबचं १७२ घेऊन महिन्यातून दोनदा खरोखर उडते का, एवढंच पाहिलं असतं. कारखाना, मुलाच्या परीक्षा, लग्नकार्यं यांतून तेवढे शनिवार निघत नसतील तर विमान घेऊनही निघणार नाहीत. त्याच काळात जुहू, चिपी आणि मुंबईपासून तीन तासांच्या आत असलेल्या धावपट्ट्यांना छपराखालच्या जागेसाठी अर्ज केले असते. जागा आणि एएमई दोन्ही मिळाले तर सेसना, कॅमचा निकाल चांगला आला तर आणि इंजिनची किंमत वजा करून. त्यावर दोनेकशे तास झाले, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नजरेऐवजी उपकरणांवर उडण्याची पात्रता) झालं, आणि चौघांनी जाणं खरंच वारंवार होतंय असं दिसलं, की मग इथलंच एसआर२२. जागा मिळाली नाही तर दोन्हीही नको. क्लबचं विमान घ्या, आईला भेटायला रेल्वेने जा.

आणि सेसनाच्या मालकांना भेटायला इतक्या लांब जाण्याआधी फोनवर एवढंच विचारा, की मी माझा एएमई घेऊन आलो तर तेलाचा फिल्टर कापू द्याल ना, आणि पहिल्या दिवसापासूनची सगळी लॉगबुकं टेबलावर असतील ना. त्यांनी दोन्हींना लगेच हो म्हटलं तर शनिवारी पहाटे निघा. 'आधी टोकन द्या, मग बघू' असं उत्तर आलं तर तुमचं डिझेल वाचलं.